‘पन्नास टक्के’ म्हणजे सूट नव्हे : थेरगावच्या गच्च्यांवरची बहार आणि आपला कारोबार

२०२५ सालचा रमजान मार्चात आला. गुढीपाडवा ३० मार्चला आणि ईद ३१ मार्चला, असे दोन सण पाठोपाठ. कापडाच्या दुकानदाराला असे साल वारंवार मिळत नाही. थेरगावात डांगे चौकाच्या अंगाला आमचे दुकान आहे. त्या महिन्यात असरच्या नमाजनंतर दुकानात पाय ठेवायला जागा नसे. अशा गर्दीत एक बाई पुढे आल्या आणि काउंटरवरच्या पोराला म्हणाल्या, "पन्नास टक्के आहे का?"

पोरगा वैतागलेला होता. तो म्हणाला, "ताई, ईदच्या आधी सूट नसते. आणि पन्नास तर कधीच नसते."

बाई हसल्या. "सूट नको रे बाबा. जाळी हवी. हिरवी, पन्नास टक्के सावलीची. माझ्या मिरच्या करपायला लागल्यात."

शेजारी सलवारचे पीस बघत बसलेल्या बायकाही हसल्या. त्यातल्या एकीने लगेच विचारले, "तुम्ही गच्चीवर लावता का? माझ्या पुदिन्याला पण ऊन सोसत नाही." सूट-पीस बाजूला राहिले आणि दोघींचे पुदिन्यावर बोलणे सुरू झाले. आम्ही गल्ल्यावरून बघत होतो. तीस वर्षे कापड विकतो, पण दोन अनोळखी गिऱ्हाइकांची ओळख आमच्या मालाने इतक्या लवकर करून दिल्याचे आठवत नाही.

जाळी आमच्या दुकानात कशी आली ते सांगतो. २०२० च्या टाळेबंदीनंतर लग्ने थांबली, शाळांचे गणवेश थांबले, थानेच्या थाने कपाटात पडून राहिली. पावसाळ्याच्या तोंडावर ताडपत्री तरी विकू म्हणून आम्ही थोडी ताडपत्री भरली, तिच्याबरोबर व्यापाऱ्याने हिरव्या जाळीचे दोन रोल गळ्यात मारले. ताडपत्री तशीच राहिली आणि जाळी आठ दिवसांत संपली. घरी अडकलेल्या लोकांनी गच्चीत कुंड्या मांडल्या होत्या. पुढे कामधंदे सुरू झाले तरी कुंड्या राहिल्या. आज कापडाच्या मानाने या मालाची विक्री किरकोळच आहे, पण ती उधारीवर नाही हे आपल्या व्यापारी भावांनी ध्यानात घ्यावे. बागेचे गिऱ्हाईक रोख देते.

त्या पन्नास टक्केवाल्या बाईंनी आम्हाला त्यांच्या गच्चीवर बोलावले. बोटक्लबच्या बाजूला, पवनेच्या काठापासून फार दूर नसलेली जुनी सोसायटी. महिन्यातून एका रविवारी आसपासच्या दहा-पंधरा घरांतली मंडळी तेथे जमतात, आपापल्या कुंड्यांत काय उगवले, काय मेले ते एकमेकांना सांगतात, बिया वाटतात. आम्हाला बोलावले ते कौतुकाने नव्हे. आमच्या मालाबद्दल त्यांना काही बोलायचे होते. त्याचा किस्सा पुढे येईलच.

आमचे शिक्षण उर्दू माध्यमात झाले. शाळेत वसंताला बहार म्हणत, आणि बहार म्हणजे फुले, वारा, बुलबुल इतकाच आमचा समज. पुढे मावळातला एक शेतकरी दुकानात चहा पिता पिता "यंदा आंबे बहार धरतो" म्हणाला तेव्हा कळले की मराठी शेतकऱ्याने हाच शब्द घेऊन त्याचा पक्का हिशेब करून ठेवला आहे. मृग बहार जून-जुलैचा, हस्त बहार सप्टेंबर-ऑक्टोबरचा, आंबे बहार जानेवारी-फेब्रुवारीचा. लिंबू, पेरू, डाळिंब यांना वर्षातून असा तीनदा फुलोरा येऊ शकतो. बागायतदार त्यातला एकच धरतो. आधी पाणी तोडून बाग ताणावर सोडतो, पानगळ होऊ देतो, मग चाळणी, खत, पाणी, आणि झाड एकदम फुलते.

गच्चीवर हा प्रयोग एका काकूंनी नकळत केला होता. अर्ध्या ड्रममध्ये त्यांचे कागदी लिंबू. डिसेंबरात तीन आठवडे गावी गेल्या, पाणी घालायचे शेजारणीने कबूल केले होते आणि ती विसरली. परत आल्या तर झाडाची निम्मी पाने खाली. रडकुंडीला येऊन त्यांनी शेणखत घातले, पाणी दिले, आणि फेब्रुवारीत लिंबू असे फुलले की पान दिसेना. मार्चच्या बैठकीत त्या हे सांगत होत्या तेव्हा दोघा-तिघांनी लगेच आपापल्या झाडांचे पाणी तोडायचे ठरवले. टेल्कोतून निवृत्त झालेले एक आजोबा म्हणाले, "अहो, लिंबाचा न्याय वांग्याला लावू नका. वांगे ताणावर सोडाल तर वांगेच जाईल."

या आजोबांची आम्हाला सुरुवातीला थोडी धास्ती वाटली. त्यांच्या खिशात वही असते. बी कधी टाकले, रोप कधी निघाले, पहिले फूल, पहिले फळ, सगळ्याच्या तारखा. कंपनीत आयुष्यभर मोजमाप केलेला माणूस.

आपल्याकडची बाग आणि साहेबाच्या देशातली बाग यांत एक मोठा फरक आहे. तो न समजल्याने अनेकांचे पैसे वाया जातात. विलायतेत घरगुती बागवान काचेचे छोटे घर बांधतो ते थंडीपासून रोप वाचवायला. तेथे मार्च-एप्रिलात टोमॅटोचे रोप आत वाढवतात आणि दंव पडायचे थांबले की बाहेर लावतात. आपल्याकडे टोमॅटो, फ्लॉवर, मटार यांचा चांगला काळ थंडीचा. मार्च लागला की पारा चढतो आणि सिमेंटची गच्ची दुपारी तव्यासारखी होते. म्हणून आपल्या घरगुती हरितगृहाला काच नको, प्लास्टिकचा बंद कागद तर मुळीच नको. त्याला हवी सावली आणि वारा. तळेगावकडे एमआयडीसीच्या फ्लोरिकल्चर पार्कात आणि मावळात व्हॅलेंटाइन डेसाठी परदेशी जाणारा गुलाब प्लास्टिकच्या पॉलिहाऊसमध्ये पिकतो हे खरे. पण तेथे छताची उंची, बाजूचे पडदे, ठिबक, फवारे असा सारा बंदोबस्त असतो. ते बघून आमच्या ओळखीच्या एकाने गच्चीवर चार बाय सहा फुटांचे प्लास्टिकचे घर केले. पहिल्याच कडक दुपारी आतली रोपे शिजली. शिजली हाच शब्द बरोबर आहे, हात लावला तर पालेभाजी.

त्या मार्चच्या बैठकीत टोमॅटोवाले बहुतेक निरोप घेत होते. शेवटचे घड पिकत होते, पाने मुरडत होती. ज्यांनी फेब्रुवारीत वेल लावले होते त्यांची मात्र चलती होती. दोडका, काकडी, कारले, दुधी. भेंडीला पहिली पिवळी फुले. गवार आणि चवळी उन्हाला भीक न घालता उभ्या. एकीने जानेवारीत छाटलेला मोगरा कळ्यांनी भरला होता आणि ती प्रत्येकाच्या हातावर दोन-दोन कळ्या ठेवत होती. जास्वंदीवर सगळ्यांकडेच पांढरा पिठ्या ढेकूण. मिरचीचा चुरडामुरडा हे सर्वांचे समान दुःख. फुलकिडे आणि कोळी रस शोषतात म्हणून पान आक्रसते. आजोबांचा उपाय पहाटे पानांच्या खालून पाण्याचा जोरदार फवारा आणि आठ दिवसांनी निंबोळी तेल, तेही संध्याकाळी, भर उन्हात मारले तर पान जळते.

एका तरुण जोडप्याची तक्रार गमतीची होती. त्यांनी किडीच्या भीतीने बारीक छिद्रांची कीडरोधक जाळी चारही बाजूंनी लावून पक्के घर केले. एकही कीड नाही, पाने हिरवीगार, पण भोपळ्याची फुले येतात आणि गळतात, फळ एक नाही. आजोबांनी विचारले, "मधमाशी कुठून येणार?" जाळीने कीड थांबवली तशी मधमाशीही थांबवली. भोपळा, दोडका, कारले यांना नरफूल वेगळे आणि मादीफूल वेगळे. मादीफुलाच्या मागे इवलेसे फळ असते. भोपळ्याचे नरफूल सकाळी तोडून मादीफुलाला लावले की काम होते. दोडका आणि दुधी मात्र संध्याकाळी फुलतात, त्यांची वेळ ती. नवरा म्हणाला, "मी सात वाजता कंपनीच्या बसला निघतो." बायको म्हणाली, "मग भोपळ्याकडे मीच बघीन, संध्याकाळी दोडका तू बघ."

आता आमच्या मालाचा किस्सा. आजोबांनी मोबाइलवर उजेड मोजायची सोय घेतली होती. दुपारी बारा वाजता, आमचा रोजा, डोक्यावर ऊन, आणि दहा-पंधरा माणसांसमोर त्यांनी फोन आधी उघड्यावर धरला. आकडा नव्वद हजारांच्या वर. मग आम्ही विकलेल्या पन्नास टक्क्यांच्या जाळीखाली धरला. साठ हजारांच्या आसपास. म्हणजे जाळी फक्त एक तृतीयांश ऊन अडवत होती. आजोबा काही बोलले नाहीत, वहीत लिहिले फक्त. बाई म्हणाल्या, "चाचा, आम्हाला वाटलं तुम्हाला ठाऊक असेल." या वाक्याने आम्हाला जेवढी लाज वाटली तेवढी शिवीनेही वाटली नसती.

दुकानात येऊन आम्ही उरलेला रोल काट्यावर ठेवला. हे काम माल घेतानाच करायला हवे होते. रोलवर छापले होते : रुंदी ३ मीटर, लांबी ५० मीटर, वजन चौरस मीटरला १०० ग्रॅम. तीन गुणिले पन्नास म्हणजे दीडशे चौरस मीटर, वजन १५ किलो भरले पाहिजे. भरले साडेअकराच्या आत. आम्ही कापडाचे व्यापारी. थानाची लांबी गजाने मोजून घेतो, पन्हा बघतो, सूत जाळून पारखतो. पण जाळी प्लास्टिकची म्हणून छापील आकड्यावर विश्वास टाकला. ज्याने माल दिला त्याला फोन केला तर म्हणाला, "सगळे हाच माल नेतात, तुमच्याच गिऱ्हाइकाला मोजायची हौस." आम्ही त्याचे खाते बंद केले. उरलेल्या मालावर ‘३५’ लिहून भाव उतरवला आणि ज्यांची नावे आठवत होती त्यांना फरकाचे पैसे परत केले. दोघांनी घेतले, बाकीच्यांनी त्या पैशांत दोरी आणि क्लिपा नेल्या.

गंमत पुढे आहे. त्याच गच्चीवर एका बाईला आम्ही स्वतः सल्ला देऊन पंचाहत्तर टक्क्यांची जाळी विकली होती. कापडवाल्याची अक्कल अशी की जाड ते चांगले. त्या जाळीखाली त्यांच्या मिरच्या लांबुळक्या वाढून फिकट पडल्या, फूल नाही, फळ नाही. आणि ज्यांना आम्ही फसवी ‘पन्नास’ दिली त्यांची मिरची जोरात. फळभाज्यांना ३५ ते ५० टक्के सावली पुरते, उन्हाळ्यापुरती. ७५ ची जाळी फर्न, अँथुरियम अशा सावलीच्या झाडांना. ९० ची बहुतेक गाडी उभी करायला किंवा माणसांना बसायला. आम्ही पंचाहत्तरची परत घेतली आणि एका रोपवाटिकेला विकली.

ज्या व्यापारी भावांना हा माल ठेवायचा असेल त्यांच्यासाठी आणखी थोडे. ही जाळी ताना-बाना घालून विणलेली नसते, राशेल यंत्रावर गुंफलेली असते, म्हणून कात्री लावली तरी सूत सुटत जात नाही. चपट्या पट्टीची ती ‘टेप’, गोल धाग्याची ती ‘मोनो’. मोनो महाग, पण टिकाऊ. भारतीय मानक आहे, आयएस १६००८, रोलवर ते आहे का बघावे. सर्वांत मोठा ऐब मात्र डोळ्यांना दिसत नाही. उन्हाचा मारा सहन करणारे रसायन सुतात घातलेले नसेल, किंवा माल भंगार प्लास्टिकचा असेल, तर एका उन्हाळ्यात जाळीचा भुगा होतो. तो भुगा कुंडीत पडतो आणि तीच माती भाजी देते. आम्ही आता प्रत्येक नव्या मालाची हातभर पट्टी दुकानाच्या पत्र्यावर तारीख टाकून बांधून ठेवतो. गिऱ्हाइकाने विचारले की वर बोट दाखवायचे.

जाळी कापून देण्यात नफा फार नाही. कामाचा पैसा कारागिराला आहे. गच्चीवर वळवाच्या वादळात नुसती बांधलेली जाळी फाटून शेजारच्या इमारतीवर जाते. कडेला नवार पट्टी शिवून दर दीड फुटावर रिंग ठोकली तर ती टिकते. हे ताडपत्री शिवणाऱ्याचे काम, आणि ताडपत्री शिवणारे आपल्यात पुष्कळ आहेत. सांगाडा वेल्डरचा. पण वेल्डर भावांनी स्लॅबला भोक पाडू नये. एका भोकातून पावसाळ्यात खालच्या घरात गळती सुरू झाली की पूर्ण सोसायटीची बाग बंद होते. पाइपाचे पाय वाळूने भरलेल्या डब्यात उभे करावेत. गिऱ्हाईक त्याचे वेगळे पैसे देते.

काळेवाडीत एक कारागीर आहे. त्याचे वडील गादीवाले, तो स्वतः गाड्यांच्या सीटची कव्हरे शिवायचा. गाड्या कारखान्यातूनच चांगल्या कव्हरांसह येऊ लागल्या तसे त्याचे काम आटले. आम्ही त्याला सुचवले की झाडे लावायच्या पिशव्या शीव. जाड प्लास्टिक-विणीचे कापड आम्ही देऊ, विकूही आम्हीच. त्याने नोव्हेंबरात चाळीस पिशव्या शिवल्या, चौकोनी, दोन कान, बघणाऱ्याने हातात घेऊन बघावे अशा. सगळ्या गेल्या. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात पहिली बातमी आली. टोमॅटोने लगडलेली पिशवी शिवणीतून उसवली, माती गच्चीभर. मग दुसरी, मग पाचवी.

तो बिचारा आपली चूक समजून तोंड लपवू लागला. दुकानासमोरून जाईना. शेवटी एक उसवलेली पिशवी आम्ही स्वतः धुऊन बघितली. कापड शाबूत, टाका सरळ, दोरा कुजलेला. दोरा आम्ही दिला होता. पोती शिवायचा सुती दोरा, दुकानात पडून होता, स्वस्त म्हणून दिला. ओल्या मातीत सुती दोरा चार महिने राहिला की हाताने तुटतो. कापड विकणाऱ्याला हे सांगावे लागावे याचे आम्हाला आजही वाईट वाटते. चाळीसच्या चाळीस पिशव्यांचे पैसे आमच्या खिशातून गेले. कारागिराला मजुरी आधीच दिली होती, ती परत मागण्याचा प्रश्नच नव्हता. पण त्याचे नाव गेले होते, आणि ते पैशाने परत मिळत नाही. म्हणून आम्ही त्याला पुढच्या बैठकीला बरोबर नेले आणि सगळ्यांसमोर सांगितले की टाका याचा, दोरा आमचा.

हे सहा एप्रिलच्या रविवारी झाले. ईद होऊन आठवडा झालेला. शीरखुर्म्याचा डबा आम्ही नेला होता, त्यांनी पाडव्याच्या श्रीखंडाची आठवण काढली आणि आम्हाला काकडी, पुदिना, एक दुधी दिला. बोलणी मात्र पाण्याची चालली होती.

पिंपरी-चिंचवडमध्ये नोव्हेंबर २०१९ पासून एक दिवसाआड पाणी सुरू झाले. गच्चीवर भाजी लावणाऱ्याला हे पहिले विचारतात की पाणी कुठून घालता. सोसायटीच्या कमिटीने नोटीस लावली होती : टाकीच्या पाण्याने झाडे घालू नयेत, आणि गच्चीवर माती टाकू नये. पहिली गोष्ट बऱ्याच मंडळींना जुलमाची वाटली. आम्हाला तशी वाटली नाही. हे पाणी येते कुठून? मावळातल्या पवना धरणातून, नदीने खाली रावेतपर्यंत. त्याच धरणातून शहरासाठी बंद जलवाहिनी टाकण्याविरुद्ध ९ ऑगस्ट २०११ रोजी बऊरजवळ द्रुतगती मार्गावर शेतकऱ्यांनी आंदोलन केले, पोलिसांच्या गोळीबारात तिघांचा जीव गेला, त्यात एक बाई. शेतकऱ्याच्या शेताचे पाणी शहरात येते आणि शहरात आपण ते पिण्याच्या टाकीतून काढून हौसेच्या दुधीला घालतो, हे कमिटीने न लिहिलेले वाक्य नोटिशीत होतेच. बैठकीत हे आम्ही बोलून दाखवले. थोडा वेळ कोणी बोलले नाही.

मग पन्नास टक्केवाल्या बाईंनी त्यांचा हिशेब सांगितला. तांदूळ-डाळ-भाजी धुतलेले पाणी त्या बादलीत साठवतात, एसीचे पाणी नळीने ड्रममध्ये घेतात, कुंडीवर पाचोळ्याचे दोन बोटे जाड आच्छादन ठेवतात, पाणी फक्त संध्याकाळी. आच्छादन नसताना रोज घालावे लागे, आता मार्चातही एक दिवसाआड पुरते. "नळाला येतं तसंच झाडाला," त्या म्हणाल्या. वजनाचा प्रश्न आजोबांनी सोडवला. वीस लिटरच्या पिशवीत नुसती माती ओली केली तर तीस किलोच्या वर जाते, आणि कोकोपीट, पाचोळ्याचे खत व थोडी माती असे मिश्रण तिच्या निम्म्यावर येते. त्यांनी दोन्ही पिशव्या चेअरमनसमोर काट्यावर ठेवल्या. नोटिशीतली दुसरी ओळ मागे घेतली गेली, पहिली राहिली. आमच्या मते हा न्याय झाला.

या मंडळींना वाटते की आपण काही नवे करतो. कोल्हापूरचे श्रीपाद अच्युत दाभोळकर गणित शिकवायचे. त्यांनी प्रयोग परिवार उभा केला. शेतकऱ्याने आपल्या रानात प्रयोग करावा, नोंद ठेवावी, जमून एकमेकांना सांगावे, सरकारी साहेबाची वाट बघू नये, अशी ती रीत होती. तासगाव भागातल्या द्राक्षवाल्यांनी त्या रीतीने किमया केली. दहा गुंठ्यांत पाच माणसांचे कुटुंब चांगले जगू शकते असा त्यांचा हिशेब होता. २००१ साली ते गेले. मुंबईत पोर्ट ट्रस्टच्या उपाहारगृहाच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी स्वयंपाकघरातल्या कचऱ्यावर बाग फुलवली, तिच्यामागेही हाच विचार. आणि बियांचे म्हणाल तर अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे, शाळेत न गेलेल्या, गावठी बियाणे जपण्यासाठी २०२० साली ज्यांना पद्मश्री जाहीर झाली. त्यांची वालाची बी कोणीतरी या गच्चीपर्यंत आणली आहे असे सांगतात. खरेखोटे बी जाणे, पण वाल चांगला आला होता.

आपल्या लोकांचा या कामाशी संबंध नवा नाही. बागवान हे आडनाव महाराष्ट्राच्या प्रत्येक बाजारपेठेत आहे. फळ-भाजीच्या गाळ्यावर बसणाऱ्याच्या आजा-पणजाने मळा केलेला असतो. पण आज या बागवाल्यांना जे लागते ते पुरवणाऱ्यांत आपले कारागीर मागे पडत आहेत. निळे ड्रम घ्या. अर्धा कापलेला ड्रम लिंबाला, डाळिंबाला, शेवग्याला उत्तम. चिखली-कुदळवाडीच्या भंगारवाल्यांकडे ते धुऊन, कापून मिळत. फेब्रुवारी २०२५ मध्ये महापालिकेने तेथली चार हजारांवर बांधकामे अनधिकृत म्हणून पाडली. भंगारवाले पांगले, कोणी शहराबाहेर गेले, कोणी धंदाच सोडला. मार्चमध्ये गच्चीवरची मंडळी आम्हाला विचारत होती, ड्रम कुठे मिळेल? आम्ही ज्याला ओळखत होतो त्याचा फोन लागत नव्हता. एप्रिलच्या शेवटी लागला. तो आता भाड्याच्या टेम्पोत माल ठेवतो आणि मागणी आली की आणून देतो. त्याला आम्ही एकच बजावले, ड्रममध्ये आधी काय होते ते विचारून आण. खाण्याच्या मालाचा असेल तरच बागेला दे. रसायनाचा ड्रम कितीही धुतला तरी भाजीला देऊ नको, दोन पैसे कमी मिळाले तरी चालतील.

ज्यांना हे काम मोठ्या अंगाने शिकायचे आहे त्यांच्यासाठी तळेगाव दाभाड्याला राज्य कृषी पणन मंडळाची राष्ट्रीय सुगी पश्चात तंत्रज्ञान संस्था आहे, तेथे हरितगृहाचे प्रशिक्षण देतात. पॉलिहाऊस उभारणाऱ्या एखाद्या कुशल फिटरला मावळात काम कमी पडणार नाही. पोरांना पाठवायला हरकत नाही.

कारागीर मे महिन्यात पुन्हा दुकानात येऊ लागला. या वेळी उन्हाला टिकणारा पॉलिस्टर दोरा आम्ही चार दुकाने हिंडून आणला. आधी हाताने ओढून, मग आठवडाभर ओल्या मातीत पुरून बघितला. त्याने दहा पिशव्या शिवल्या, शिवण दुहेरी, कान खालून फिरवून तळापर्यंत घेतलेले, सीट कव्हरचा हात आहे तो. विकायला ठेवण्याआधी आम्ही दहाही पिशव्या ओल्या वाळूने भरल्या आणि दुकानाच्या मागच्या लोखंडी दांड्यावर आकड्यांना टांगल्या. पूर्ण एक महिना, ऊन आणि वळीव दोन्ही खात त्या तेथे होत्या. येणारे-जाणारे विचारत, चाचा, खाटीकखाना काढला का?

महिन्याने काढल्या तेव्हा नऊ जशाच्या तशा होत्या. दहावीच्या एका कानाचा टाका दोन बोटे सैल पडला होता. आम्ही म्हटले, राहू दे, गिऱ्हाइकाला कळणार नाही. तो काही बोलला नाही, पिशवी रिकामी केली, घडी घालून काखेत मारली आणि घेऊन गेला.